दाबाच्या मोज्यांमधलं सूत आणि कोकणातला घाम

विणकर_राजापूर

मंडळी, आरोग्य विभागातल्या व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांच्या, धाग्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दाबाचेच मोजे घेतले, पहिला जोड छान होता, मग दुसरा का टोचतो, का घसरतो, का इतक्या लवकर सैल पडतो? तिथे उत्तर लिहिता लिहिता प्रतिसाद फार लांबला म्हणून हा वेगळा धागा काढतो. माझं आयुष्य निटिंग मशिनांवर गेलं. मोजे घालावेत का आणि किती दाबाचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मी सुताबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल दुकानात कोणीच बोलत नाही.

आधी खोक्यावरचा आकडा. दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात आणि तो घोट्याजवळचा असतो. वर पोटरीकडे तो कमी होत जातो. पण 'क्लास टू' म्हटलं की सगळीकडे एकच दाब असं नाही. जर्मन मानकात दुसरा वर्ग २३ ते ३२ मिलिमीटर पारा, ब्रिटिश मानकात १८ ते २४. म्हणून चिठ्ठीवर वर्गाऐवजी दाबाचे आकडेच लिहून मागा.

आता हा दाब येतो कुठून? ताणलेलं कापड गोल अंगाभोवती बसलं की आत दाबतं. ताण जितका जास्त तितका दाब जास्त, आणि घेर जितका मोठा तितका दाब कमी. घोटा बारीक, पोटरी जाड, त्यामुळे सारख्याच ताणाचं कापड घोट्यावर आपोआप जास्त दाबतं. हा लाप्लासचा नियम. यातला घेर तुमचा, ताण मात्र पूर्णपणे सुताचा आणि विणीचा.

असा मोजा दोन सुतांनी बनतो. एक टाके घालणारं, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. त्याचे लूप एकमेकांत अडकून कापड तयार होतं. दुसरं सूत टाका घालतच नाही. ते लूपांच्या मधून आडवं सरळ घातलेलं असतं. ते इनले. ग्राउंडमुळे मोजा उभा ताणला जातो, अंगाला मऊ लागतो, त्याला जाडी येते. पायाला धरून ठेवण्याचं खरं काम इनलेचं. दोन्हींत बहुधा इलॅस्टेन असतं, म्हणजे ज्याला आपण लायक्रा किंवा स्पॅन्डेक्स म्हणतो. ग्राउंडमध्ये बारीक, इनलेत जाड. ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये हा तंतू तयार केला. त्यात वजनाने किमान ८५ टक्के पॉलियुरेथेन असतं. त्याच्या साखळीत मऊ आणि कडक असे तुकडे आलटून पालटून येतात. मऊ तुकडे लांबतात आणि सोडलं की परत आक्रसतात, कडक तुकडे साखळ्यांना घसरू न देता धरून ठेवतात. मूळ लांबीच्या पाच पट ताणूनही तो मागे येतो.

इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एकच दाब दोन वेगळ्या मार्गांनी मिळवता येतो. बारीक इलॅस्टेन खूप ताणून घाला, किंवा जाड इलॅस्टेन कमी ताणून घाला. सकाळी मोजा चढवला तेव्हा दोघांचा आकडा सारखा येईल. पण दुपारी पाय सुजायला लागला की दोघं वेगळे वागतात. बारीक-खूप-ताणलेलं सूत आणखी थोडं ताणलं तरी त्याचा जोर फारसा वाढत नाही, ते सुजेबरोबर सैलावत जातं. जाड-कमी-ताणलेलं सूत लगेच विरोध करतं, सुजेला वाव देत नाही. पहिलं घालायला सोपं, दुसरं चढवताना घाम काढणारं. ज्याचा पाय थोडाच सुजतो त्याला पहिलं चालतं. ज्याची सूज हट्टी आहे त्याला दुसरं लागतं. खोक्यावर हे कुठेच छापलेलं नसतं.

मग कव्हरिंग. नुसतं इलॅस्टेन कातडीला चिकटतं आणि मशिनच्या सुईवर धड चालत नाही, म्हणून त्याला अडीच-तीन पट ताणून त्यावर नायलॉनचं बारीक सूत गुंडाळतात. एकाच दिशेने गुंडाळलं तर सुतात पीळ राहतो आणि कापड तिरकं फिरतं. म्हणून चांगल्या इनलेत दोन थर असतात, एक उजव्या पिळाचा, एक डाव्या. आपल्याकडे सुंभ वळताना पेडाचा पीळ एका बाजूला आणि दोरीचा पीळ दुसऱ्या बाजूला ठेवतात, त्यामुळे दोरी उलगडत नाही, त्यातलाच हा हिशेब. स्वस्त मालात हवेच्या झोताने नायलॉन नुसतं जागोजागी अडकवतात. ते रोजच्या मोज्यांना पुरतं, पण सतत ताण खाणाऱ्या इनलेत आतलं इलॅस्टेन उघडं पडू लागतं. गुंडाळीचे वेढे किती दाट, यावर सूत जास्तीत जास्त किती लांबेल तेही ठरतं. वेढे सरळ झाले की सूत थांबतं, आणि त्यापुढे ताण एकदम चढतो.

राहिला आपल्या हवेचा प्रश्न, म्हणजे घाम, खोबरेल तेल आणि पावसात न वाळणारे कपडे. त्यावर तुमचेही अनुभव लिहा.

बंदरावरची

मी मालवणात मासळी इकतंय. दिसभर उभ्यान र्‍हवाचा लागता. डॉक्टरान मोजे दिल्यान हत, पण घातले की तासाभरान खाज सुटता नि गुडघ्याखाली तांबडो वळ उठता. चेडू म्हणता, आये, त्येच्यात रबर आसतला. माका रबर सोसणा नाय, फुगो फुगवलंय तरी ओठ सुजतत. खरा काय ता सांगा, दादा.

विणकर_राजापूर

ताई, फुग्याने ओठ सुजतात ही गोष्ट डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगा. मोज्यांच्या पलीकडेही तिचं महत्त्व आहे, कारण दवाखान्यात रबरी हातमोजे वापरले जातात. नैसर्गिक रबराच्या चिकात प्रथिनं असतात, त्यांची ही ॲलर्जी असते. आपल्या दोडामार्गात रबराच्या बागा आहेत, तिथे खोडाला खाच पाडून जो पांढरा चीक काढतात तोच हा.

पूर्वी दाबाच्या मोज्यांत आणि पट्ट्यांत याच रबराचा धागा असायचा, काहींत आजही असतो. वरून सुती किंवा नायलॉन गुंडाळलेलं असलं तरी आत रबर ते रबरच. इलॅस्टेनमध्ये हा चीक नसतो. म्हणून लेबल वाचून घ्या: 'लॅटेक्स' किंवा 'नॅचरल रबर' लिहिलं असेल तर तो जोड नको. 'इलॅस्टेन', 'स्पॅन्डेक्स' किंवा 'पॉलियुरेथेन' असेल तर रबराचा संबंध नाही. वळ जर फक्त वरच्या कडेलाच उठत असेल तर तिथे आतून सिलिकॉनचे ठिपके आहेत का बघा. घाम त्याखाली अडकतो, आणि माप चुकलं असलं तर कड रुतते. दिवसभर मासळीच्या पाण्यात उभं राहायचं, त्यात खारं पाणी मोज्यात मुरतं. घरी आल्यावर मोजे साध्या पाण्यातून काढाच.

फिजिओ_चिपळूण

बंदरावरची ताई, केळं खाल्लं की तोंडात खाज सुटते का, तेही डॉक्टरांना सांगा. रबराची ॲलर्जी असलेल्या काहींना केळं, किवी, ॲव्होकाडो यांचाही त्रास होतो. आणि तोंडाबरोबर घसा आवळला, श्वास लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

मूळ लेखात एक भर घालते. मी लसिकासूज, म्हणजे लसिका हा अंगातला पातळ द्रव साचून येणारी सूज, असलेले रुग्ण जास्त बघते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांचा हात सुजतो, आणि हत्तीरोगाच्या जुन्या रुग्णांचा पाय. या लोकांना औषधाच्या दुकानातला गोल विणलेला मोजा बहुतेकदा पुरत नाही. गोल विणीत सुयांची संख्या ठरलेली असते, नळीला शिवण नसते, आकार फक्त टाक्याच्या लांबीने आणि इनलेच्या ताणाने बदलता येतो. त्यामुळे घोटा अगदी बारीक आणि पोटरी अफाट असेल तर ती वीण कमी पडते. घडीत घुसते आणि तिथेच करकोचते.

त्यांच्यासाठी सपाट वीण असते. त्यात ओळीगणिक टाके वाढवता-घटवता येतात, इनले जाड असतं, मागे शिवण येते. दिसायला ती जाडीभरडी. बायका पहिल्यांदा बघितल्यावर नाक मुरडतात. पण ती कातडीच्या घडीत न शिरता वरून पूल बांधल्यासारखी राहते. विणकर म्हणतात तो जाड-कमी-ताणलेल्या सुताचा गुण इथे पूर्ण कामाला येतो.

याला आमच्याकडे मोजमापही आहे. पोटरीच्या खालच्या भागात, स्नायू जिथे कंडऱ्याला मिळतो तिथे, झोपलेलं असताना दाब मोजायचा आणि उभं राहिल्यावर मोजायचा. फरक १० मिलिमीटर पारा किंवा जास्त आला तर ते कापड ताठ. ताठ कापड चालताना पोटरीच्या स्नायूला टेकू देतं, म्हणून स्नायू आकुंचला की रक्त आणि लसिका वर ढकलली जाते, आणि आडवं पडल्यावर ते फार आवळत नाही.

एक इशारा सगळ्यांसाठी. पायाच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीत, अडथळा असेल तर हा दाब घातक ठरू शकतो. मधुमेह आहे, बिडी-सिगारेटची जुनी सवय आहे, चालताना पोटरी भरून येते, पाय गार पडतात अशांनी आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब तुलनेने मोजून घ्यावा. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारा आकडा ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाबाचे मोजे स्वतःहून घालू नयेत, ०.५ च्या खाली तर दाब टाळतातच.

कातळसडा

आमच्या बाबांना पोटरीवर जखम आहे, शिरांचीच, असं डॉक्टर म्हणाले. रोहिण्या तपासून झाल्या, त्या ठीक आहेत. मेडिकलमधून साधं क्रेप बँडेज आणून रोज गुंडाळतो. त्याच्यावर इलॅस्टेनचा उल्लेख नाही, नुसतं कापूस लिहिलंय. मग ते ताणलं कसं जातं? आणि त्याचा उपयोग होतो का?

विणकर_राजापूर

कापसातही ताण आणता येतो, पिळाने. सुताला मर्यादेपलीकडे पीळ दिला की ते स्वतःभोवती गुरफटायला बघतं. असं सूत विणून कापड पाण्यात भिजवलं की ते आक्रसतं आणि त्यावर बारीक सुरकुत्या येतात. बँडेज ओढलं की या सुरकुत्या उलगडतात, सोडलं की पुन्हा पडतात. हे हातमागासारखं उभ्या-आडव्या सुताचं कापड असतं, लूपांचं नव्हे. कापसाचा तंतू स्वतः फारसा लांबत नाही, म्हणून ते ठराविक मर्यादेनंतर थांबतं, आणि ताणून ठेवलं की तासांगणिक ढिलंही पडतं. धुतल्यावर त्याचा जोर बऱ्यापैकी परत येतो, कारण पाण्याने पीळ पुन्हा जागा होतो.

इलॅस्टेनच्या लांब ताणाच्या पट्टीचं उलट आहे. ती दुपटीहून जास्त लांबते, आणि तुम्ही झोपलात तरी आवळत राहते.

फिजिओ_चिपळूण

कातळसडा, साधं क्रेप एकटं शिरांच्या जखमेला अनेकदा कमी पडतं, त्याचा दाब टिकत नाही. कमी ताणाची म्हणून वेगळी कापशी पट्टी मिळते, किंवा थरांची बांधणी असते: खाली कापसाचा लपेटा, वर पट्ट्या. तुमच्या डॉक्टरांना यातलं काय योग्य ते विचारा. बांधणी नर्सकडून एकदा नीट शिकून घ्या. पट्टीचा अर्धा भाग आधीच्या वेढ्यावर आला की सगळीकडे दोन थर होतात आणि दाब जवळपास दुप्पट. कुठे दोन, कुठे तीन थर पडले तर मधेच जास्त दाबाचा पट्टा तयार होतो आणि खालची सूज अडते. नडगीच्या हाडावर कापसाची गादी हवीच. तिथे वळण तीक्ष्ण, म्हणून दाब नको तितका चढतो. घोट्याच्या हाडामागच्या खळग्यात उलट, तिथे दाब पोचतच नाही, म्हणून खळगा भरून घ्यायचा. रात्री ठेवायची की काढायची तेही पट्टी कोणती यावर ठरतं. लांब ताणाची असेल तर झोपताना सहसा काढायला सांगतात. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर कुठलीही पट्टी ताबडतोब सोडा.

नारळीपोफळी

बाकी सगळं पटलं, पण मोज्यात नायलॉन घालणं पटलं नाही. आपल्या हवेत कापसाला पर्याय नाही. मे महिन्यात गुहागरला नायलॉनचे मोजे घालून दाखवा कोणी.

विणकर_राजापूर

नारळीपोफळी, अंगातल्या शर्टासाठी मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. दाबाच्या मोज्यासाठी नाही, आणि कारण सांगतो.

प्रयोगशाळेच्या ठराविक हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, नायलॉन चार-साडेचार टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. कापूस घाम पितो हे खरं, पण प्यायलेला सोडत नाही. आपल्याकडची हवा आधीच भरलेली, त्यामुळे तो दिवसभर ओलाच राहतो. ओला तंतू फुगतो, कापड जड होतं, कातडी मऊ पडून सोलवटते. आणि दाबाचा मोजा तर कातडीला घट्ट टेकलेला असतो, मधे हवा खेळायला जागा नाही. नायलॉन बारीक तंतूंचं असेल आणि त्याला कुरळेपणा दिलेला असेल, तर तंतूंच्या मधल्या फटींतून घाम बाहेरच्या अंगाला पसरतो आणि तिथून उडतो. शिवाय घासण्याला नायलॉन कापसापेक्षा कितीतरी चिवट आहे. सुईवर, टाचेत, बुटात हेच लागतं.

तरी तुमच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. कातडी नाजूक असेल तर आतल्या बाजूला कापूस सुखावतो. एकाच टाक्यात दोन सुतं अशी घालता येतात की एक कायम आत येतं आणि दुसरं बाहेर. त्याला प्लेटिंग म्हणतात. आत कापूस, बाहेर नायलॉन, असे मोजे मिळतात. ते जाड असतात. दिवाळीनंतर घालायला उत्तम, मिरगापासून गणपतीपर्यंत मी सुचवणार नाही. आणि फक्त पॉलिएस्टरचे घेऊ नका, वास लवकर धरतात.

सुरंगी

मी वेंगुर्ल्याजवळ काजूच्या कारखान्यात आहे, दिवसभर पाटावर बसून. माझे मोजे पावसात वाळतच नाहीत. आई चुलीच्या वर वलणीवर टाकते. आणि रात्री पायाला खोबरेल चोळायची आमची जुनी सवय आहे. यातलं काय चुकतं?

विणकर_राजापूर

सुरंगीताई, चुलीवरची वलण बंद करा. इलॅस्टेनला उष्णता सोसत नाही. कडक तुकड्यांनी साखळीला जी पकड दिलेली असते ती उष्णतेने हळूहळू ढिली होते, आणि मग ताणलेलं सूत पूर्ण मागे येत नाही. मोजा दिसतो तसाच, दाब मात्र गेलेला असतो. इस्त्री नको, गरम पाणी नको, थेट ऊन नको. क्लोरीनची ब्लीच पावडर तर अजिबात नको. बहुतेक इलॅस्टेन पॉलिइथर जातीचं असतं, त्याला क्लोरीन खाऊन टाकतं. पॉलिएस्टर जातीचं क्लोरीनला जरा टिकतं, पण दमटपणाला आणि बुरशीला कमी पडतं. आपल्या पावसाळ्यात ओला मोजा बादलीत तुंबवून ठेवला तर त्याचंच नुकसान होतं.

वाळवायचं असं: कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने रोज धुवा, पिळू नका, कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबा. पंचा बरंचसं पाणी ओढून घेतो. मग पंख्याखाली आडवा पसरा. टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. नायलॉन असेल तर रात्रभरात वाळतो. दोन जोड ठेवले तर प्रत्येकाला विसावा मिळतो आणि पावसात अडत नाही.

रोज धुण्याचं कारण नुसती स्वच्छता नव्हे. दिवसभर ताणलेलं सूत थोडं सैलावतं; धुतल्याने लूप आणि इनले आपापल्या जागी परत येतात. त्याशिवाय घामातलं मीठ आणि तेल निघून जातं.

खोबरेल रात्री चोळा, काही हरकत नाही. सकाळी पाय साबणाने धुऊन कोरडे करून मगच मोजे. तेलाने सिलिकॉनची कड पकडत नाही, मोजा घसरतो, मग आपण तो ओढून वर घेतो आणि घडी पडते. रबराचा मोजा असेल तर तेल त्याला थेट खराब करतं.

फिजिओ_चिपळूण

आणि बसून काम असलं तरी अधूनमधून पावलं वरखाली हलवा. पोटरीचा स्नायू हललाच नाही तर चांगल्या सुताचंही काम अर्धंच होतं.

खाडीपल्याड

आमच्या गावात बचत गटाच्या बायका लोकरीचं विणकाम फार सुरेख करतात. दाबाचे मोजे बाहेरून येतात आणि महाग पडतात. हे इथे करता येईल का?

विणकर_राजापूर

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. हाताने किंवा घरगुती मशिनवर दाबाचा मोजा करू नये. इनलेचा ताण घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ओळीगणिक बदलावा लागतो आणि तो मशिनच राखू शकतं. तयार मोजा ठराविक मापाच्या लाकडी पायावर किंवा यंत्रावर चढवून दाब मोजावा लागतो. तो न मोजता विकणं म्हणजे कोणाच्या तरी पायाशी खेळणं.

पण या साखळीत बायकांना करता येण्यासारखं दुसरं काम आहे. पट्टीखाली घालायची सुती नळी, मोजा चढवायला रेशमी कापडाचा सरकता मोजा, बंदरावरच्या आणि शेतातल्या बायकांसाठी मोज्यावरून घालायचं हलकं संरक्षक आवरण. यात दाबाचा प्रश्न येत नाही. पुढे कोणाला खरोखर उत्पादनात उतरायचं असेल तर कोइमतूरच्या सिट्रामध्ये मेडिकल टेक्स्टाइलचं केंद्र आहे, मुंबईत बीट्रा आणि सास्मिरा आहेत, या तिन्ही कापड-संशोधन संस्था. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटींचं राष्ट्रीय अभियान जाहीर केलं, त्यात वैद्यकीय वस्त्रंही होती. मशीन घेण्याआधी या संस्थांशी बोला, आणि सूत कोणाकडून येणार ते आधी पक्कं करा. कव्हर केलेलं इनले सूत प्रत्येक खेपेला सारखं आलं नाही तर मशीन कितीही चांगलं असो, दाब हलतो.

बंदरावरची

दादानु, लेबल बगलंय. बारीक अक्षरात लॅटेक्स लिवलेला आसा. उद्या डॉक्टराकडे जातंय, फुग्याचा पण सांगतंय. नवीन घेताना माप खयचा देवचा?

फिजिओ_चिपळूण

ताई, लेबल बघितलंत हे फार चांगलं केलंत. ते मोजे आजपासून बाजूला ठेवा. माप सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी द्यायचं. तीन ठिकाणी घेर: घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथे, पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथे, आणि गुडघ्याच्या खाली. शिवाय जमिनीपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं. दुकानदार संध्याकाळी नुसती चपलेची साइझ विचारून मोजे देत असेल तर घेऊ नका. मोजा चढवताना साधे रबरी हातमोजे वापरतात, तुम्ही मात्र नायट्राइलचे मागा, त्यात लॅटेक्स नसतं.

विणकर_राजापूर

आणि साधारण सहा महिन्यांनी जोड बदलायचा, फाटलेला नसला तरी. त्याआधीच चढवायला एकदम सोपा वाटायला लागला, तर इनले थकलं असं समजा आणि तेव्हाच बदला. नवा घेताना पाय पुन्हा मोजून घ्या, सूज उतरलेली असेल तर जुनं माप चालत नाही.